कथकची थिअरी कुठून सुरू करायची? पहिल्यांदा परीक्षेला बसणाऱ्यांसाठी

क्लासमध्ये दर सत्राला हेच होतं. फॉर्म भरून होतात, तोडे (नाचाच्या बोलांचे छोटे तुकडे) बसतात, आणि मग शेवटच्या पंधरा दिवसांत कोणाला तरी आठवतं की अरे थिअरी पण आहे. मग एकीची वही सगळ्यांकडे फिरते, तिचे फोटो ग्रुपवर येतात, त्यात आधीच्या मुलीने केलेल्या चुकाही जशाच्या तशा येतात आणि सगळ्या जणी 'असंयुत हस्त अठ्ठावीस' (म्हणजे एका हाताच्या मुद्रा) असं पाढ्यासारखं म्हणत बसतात. मी विशारद झाले आणि आता आमच्या ताईंच्या क्लासमध्ये लहान बॅचला थिअरी सांगायला बसते, म्हणून वाटलं एकदा नीट क्रमाने लिहून ठेवावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की थिअरीचा बराचसा भाग तुमच्या हातापायांत आधीच आलेला असतो, तो कागदावर उतरवायची एक रीत आहे, ती शिकायची. उरलेला भाग पाठांतराचा, पण तिथेही कुठल्या ग्रंथातलं पाठ करतोय हे माहीत नसेल तर सगळा घोळ होतो.

हे मी कथकच्या आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांच्या अंगाने लिहितेय कारण महाराष्ट्रात बहुतेक जणी त्याच देतात. भरतनाट्यमवाल्यांना ६ आणि ७ नंबरचं जवळजवळ तसंच उपयोगी पडेल.

१. आधी सिलॅबस हातात घ्या, मग वही

प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद प्रथम आणि पूर्ण, आणि त्यानंतर अलंकार, अशी ही शिडी आहे. खालच्या पायऱ्यांवर थिअरी तोंडीच विचारतात, वर गेलं की लेखी पेपर लागतो आणि पुढे पेपर वाढत जातात. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एक उन्हाळ्यात आणि एक दिवाळीनंतर. मंडळाचा अभ्यासक्रम छापील मिळतो, तो स्वतः वाचा, 'मागच्या वर्षी तिला हे विचारलं होतं' यावर जाऊ नका. अभ्यासक्रम बदलतो आणि जुन्या गाईडमध्ये जुनाच राहतो.

जवळ काय काय ठेवायचं:
– चालू अभ्यासक्रमाची प्रत
– आधीच्या परीक्षेचं गुणपत्रक आणि प्रमाणपत्र (मूळ प्रत घरी, झेरॉक्स फाईलमध्ये)
– पासपोर्ट साईज फोटो आणि ओळखपत्र
– दोन वह्या, एक चौकटीची, एक साधी
– पेन्सिल, खोडरबर, पट्टी
– लहेऱ्याचं (तालाची फेरी दाखवत फिरून फिरून वाजणाऱ्या सुरावटीचं) अ‍ॅप किंवा रेकॉर्डिंग

फॉर्मवर नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच लिहा. अक्षर न अक्षर. हे बारीक वाटतं पण दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण घ्यायची वेळ आली की शाळा प्रमाणपत्र मागते आणि तिथे 'अनुष्का' आणि 'अनुश्का' या दोन वेगळ्या मुली होतात. त्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि त्याला तारीख असते, तेव्हा नववीतच चौकशी करून ठेवा.

२. पहिल्या व्याख्या: कमी लिहा, उदाहरण द्या

नृत्त, नृत्य, नाट्य. हा प्रश्न कुठल्याही पायरीवर येतोच. नृत्त म्हणजे ताल-लयीतलं शुद्ध अंगचालन, त्यात अर्थ सांगायचा नसतो. नृत्य म्हणजे त्यात भाव आणि अभिनय आला. नाट्य म्हणजे कथा, पात्रं आणि संवाद असलेला प्रयोग. एवढं सगळ्याच लिहितात, मार्क मिळतात ते पुढच्या ओळीला: तत्कार (तालावरचं पायांचं काम), तोडा, परण (पखवाजाच्या बोलांचा तुकडा) हे नृत्त, ठुमरी आणि गतभाव (अभिनयाने दाखवलेला प्रसंग) हे नृत्य. तुम्ही स्वतः नाचता त्यातलं उदाहरण दिलंत की परीक्षकाला लगेच कळतं की हिला समजलंय. कवित्त (तालात बांधलेली कविता) कुठे टाकायचं यावर क्लासमध्ये भांडणं होतात. त्याला लय तोड्यासारखी असते पण शब्दांचा अर्थ अंगाने दाखवतो, म्हणून मी ते नृत्यात धरते.

तांडव म्हणजे पुरुषांचं आणि लास्य म्हणजे बायकांचं असं लिहू नका प्लीज. तांडव हे जोरकस, उद्धत अंगाचं, लास्य हे सुकुमार अंगाचं, आणि एकीच्याच नाचात दोन्ही असतात.

'भारतातल्या शास्त्रीय नृत्यशैली किती' हाही एक सापळा आहे. संगीत नाटक अकादमी आठ धरते: भरतनाट्यम, कथक, कथकली, कुचिपुडी, ओडिसी, मणिपुरी, मोहिनीअट्टम आणि सत्त्रीय. सत्त्रीयला ही मान्यता २००० साली मिळाली, त्यामुळे जुन्या पुस्तकांत सातच सापडतात. केंद्राचं सांस्कृतिक मंत्रालय छाऊ धरून नऊ म्हणतं. उत्तरात 'संगीत नाटक अकादमीनुसार आठ' असं लिहिलं की विषय संपला.

३. ताल लिहायला शिका, आणि हातावर टाळी देतच लिहा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. तीनताल, झपताल, एकताल, रूपक, धमार हे नाव, मात्रा (तालाचे ठोके), खंड (मात्रांचे गट), टाळी, खाली (जिथे टाळी न देता हात पालथा करतात) आणि ठेका (तालाचे ठरलेले बोल) अशा क्रमाने यायला हवेत.

तीनताल: १६ मात्रा, ४-४ चे चार खंड, टाळी १, ५, १३ वर आणि खाली ९ वर.
धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा
झपताल: १० मात्रा, २-३-२-३, टाळी १, ३, ८, खाली ६.
धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना
एकताल: १२ मात्रा, दोन-दोनचे सहा खंड, टाळी १, ५, ९, ११, खाली ३ आणि ७.
रूपक: ७ मात्रा, ३-२-२, पहिल्याच मात्रेवर खाली, टाळी ४ आणि ६.
धमार: १४ मात्रा, ५-२-३-४, टाळी १, ६, ११, खाली ८.

रूपकात समेवरच (आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका फेरीच्या, पहिल्या मात्रेवर) खाली आहे हे नाचताना कोणी चुकत नाही, हात आपोआप पालथा पडतो, पण पेपरात मात्र हमखास पहिल्या मात्रेवर टाळीची खूण येते. म्हणून म्हणते की लिहिताना डावा हात मांडीवर चालू ठेवा.

आता चिन्हांचा घोळ. ताल लिहायच्या दोन लिप्या आहेत, भातखंडे आणि पलुस्कर. भातखंडे लिपीत सम म्हणजे ×, खाली म्हणजे ०, आणि पुढच्या टाळ्यांना क्रमाने २, ३ असे आकडे. पलुस्कर लिपीत सम म्हणजे १, खाली म्हणजे +, आणि टाळीला त्या मात्रेचाच आकडा, म्हणजे तीनतालात ५ आणि १३. बघा काय होतं ते: घाईत लिहिलेला × हा + सारखा दिसतो, आणि एका लिपीतली सम ही दुसरीतली खाली होऊन बसते! शिवाय पलुस्कर लिपीत बोलाखाली ० काढला तर ती अर्धी मात्रा असते, आणि भातखंडेत ० म्हणजे खाली. तर उत्तराच्या वर आधी लिपीचं नाव लिहा आणि मग शेवटपर्यंत त्याच लिपीत राहा. मंडळ १९३१ साली पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्यांनी काढलं, त्यामुळे पलुस्कर लिपी ऑप्शनला टाकू नका, पण रोजच्या वहीसाठी मला भातखंडे सोपी वाटते, कारण मात्रेत किती बोल आहेत ते खालच्या कमानीवरून एका नजरेत कळतं.

४. दुगुन-तिगुन: भागाकार करा, घाबरू नका

'तीनतालाची तिगुन एका आवर्तनात लिहा.' या प्रश्नावर अर्धा वर्ग पेन खाली ठेवतो. यात करायचं एवढंच की ठेका तिप्पट वेगात म्हणायचा आणि तो समेला संपवायचा. १६ भागिले ३ म्हणजे सव्वापाचच्या जरा वर, ५ पूर्णांक १/३ मात्रा. म्हणजे १० पूर्णांक २/३ मात्रा सोडून सुरू करायचं. म्हणजेच अकराव्या मात्रेत दोन भाग विश्रांती आणि तिसऱ्या भागात पहिला धा:

मात्रा ११: ऽऽधा
मात्रा १२: धिंधिंधा
मात्रा १३: धाधिंधिं
मात्रा १४: धाधातिं
मात्रा १५: तिंताता
मात्रा १६: धिंधिंधा
आणि समेवर धा.

पहिल्या दहा मात्रा साध्या ठायीतच (मूळ वेगात) लिहायच्या, त्या रिकाम्या सोडायच्या नाहीत. चौकटीची वही यासाठीच सांगितली, एक चौकट एक मात्रा. दुगुन सोपी आहे, झपतालाची सहाव्या मात्रेपासून, एकतालाची सातव्यापासून. रूपकाची मात्र साडेतीन मात्रांनी येते, म्हणून चौथ्या मात्रेत 'ऽतीं' असं अर्ध्यातून सुरू होते. हे वाचून लक्षात राहणार नाही, टाळी देत म्हणा, दोनदा अडखळाल आणि तिसऱ्यांदा जीभच बरोबर जागी सुरू करेल.

५. तिहाई कुठून उठते ते स्वतः काढा

एखादा बोल तीनदा म्हणून समेवर येणं म्हणजे तिहाई. मधे थांबा असेल तर दमदार, नसेल तर बेदम. नाचताना ताई सांगतात 'खालीपासून घे' आणि आपण घेतो, पण का ते पेपरात विचारतात.

हिशोब असा: तिहाईच्या एकूण मात्रा मोजा (शेवटचा 'थेई' समेवर पडतो तोही धरून), आणि आवर्तनाच्या मात्रांत एक मिळवून त्यातून हा आकडा वजा करून परत एक मिळवा. 'तिग्दा दिगदिग थेई' ही तीन मात्रांची, तीनदा म्हणजे नऊ. तीनतालात १७ वजा ९ म्हणजे ८, अधिक १ म्हणजे ९. नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून. तीच तिहाई झपतालात? ११ वजा ९ अधिक १, तिसरी मात्रा. रूपकात ७ मात्रांच्या एका आवर्तनात ती मावतच नाही, म्हणून दोन आवर्तनं धरा, १५ वजा ९ अधिक १, म्हणजे सातव्या मात्रेपासून उठायचं.

आणि 'ता थेई थेई तत् थेई' ही पाच मात्रांची, मधे एकेक मात्रा दम: ५ अधिक १ अधिक ५ अधिक १ अधिक ५, बरोबर १७. म्हणजे समेपासून समेपर्यंत. हे एकदा जमलं की तुम्ही स्वतःच्या तिहाया बांधायला लागता आणि सांगते, त्यात जाम मजा येते.

चक्रदार म्हणजे तिहाईसकट अख्खा तुकडा तीनदा. फरमाईशी चक्रदारात पहिल्या खेपेला तिहाईचा पहिला धा समेवर, दुसऱ्या खेपेला दुसरा, तिसऱ्या खेपेला तिसरा. तोडा आणि परण यांतला फरक विचारला तर बोलांकडे बोट दाखवा: परणेत पखवाजाचे खुले बोल येतात, धुमकिट, तडन्न, गदिगन असे, तोड्यात 'तिग्दा दिगदिग थेई', 'तत् तत् थेई' असे नाचाचे.

६. हस्तमुद्रा: यादी पाठ करू नका, एकातून दुसरी काढा

आधी ग्रंथाचं नाव! नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणात असंयुत हस्त २८ आहेत, भरताच्या नाट्यशास्त्रात २४. संयुत (दोन्ही हातांच्या) अभिनयदर्पणात २३, नाट्यशास्त्रात १३. शिरोभेद (डोक्याच्या हालचाली) ९ आणि १३, ग्रीवाभेद (मानेच्या) ४ आणि ९, दृष्टी ८ आणि ३६. एकीने एका पुस्तकातून आणि दुसरीने दुसऱ्यातून पाठ केलं की परीक्षेच्या आदल्या रात्री फोनवर भांडण ठरलेलं, आणि दोघी बरोबर असतात. सुरुवातीच्या परीक्षांना अभिनयदर्पणातलंच धरून चाला.

आता हात समोर धरा. चारही बोटं सरळ, जुळलेली, अंगठा वाकवून तळव्याला: पताक. अनामिका वाकवा: त्रिपताक. करंगळीही वाकवा: अर्धपताक. उरलेली दोन बोटं कात्रीसारखी फाकवा: कर्तरीमुख. परत पताक करा, अनामिकेचं टोक अंगठ्याला लावा: मयूर. पताकात अंगठा बाहेर ताणा: अर्धचंद्र. पताकात तर्जनी वाकवा: अराल, त्यातच अनामिका वाकवली की शुकतुंड. मूठ मिटा: मुष्टी. अंगठा वर: शिखर. त्यावर तर्जनी टेकवा: कपित्थ. झाल्या की अकरा, आणि तुम्ही काही पाठ केलं नाहीत. श्लोकातही क्रम असाच आहे, 'पताकस्त्रिपताकोऽर्धपताकः कर्तरीमुखः', म्हणजे ज्याने तो रचला त्यानेही हात समोर धरूनच रचला असणार असं मला वाटतं.

तोंडी परीक्षेत नाव सांगितल्यावर लगेच विनियोग (ती मुद्रा कशासाठी वापरतात ते) विचारतात. प्रत्येक मुद्रेचे दोन-तीन तरी करून दाखवता यायला हवेत. पताकाचे नाट्यारंभ, मेघ, वन, वस्तू नाकारणं हे पहिले चार श्लोकाच्या पहिल्याच ओळीत आहेत.

डोळ्यांच्या आठांत उल्लोकित, अवलोकित, आलोकित यांची गल्लत होते: वर, खाली, आणि गोल फिरवून. आरशासमोर नावं घेत करा, पुस्तकात बघून नको.

७. रस, भाव आणि नायिका

रस किती? नाट्यशास्त्रात आठ, श्लोकातच 'अष्टौ' म्हटलंय: शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स, अद्भुत. नववा शांत नंतर धरला गेला. 'नवरस लिहा' म्हटलं तर नऊ लिहा आणि एका वाक्यात हे सांगा. स्थायीभाव त्याच क्रमाने: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. रस आणि स्थायीभाव यांची अदलाबदल करू नका, 'करुण' हा रस आणि 'शोक' हा भाव.

विभाव, अनुभाव, व्यभिचारी हे शब्द ऐकूनच मुली कंटाळतात. तुम्ही बसवलेला पनघटचा गतभाव घ्या आणि त्यात शोधा. कृष्ण हा आलंबन विभाव, म्हणजे ज्याच्यामुळे भाव जागतो तो. यमुनेचा काठ, बासरीचा सूर हा उद्दीपन विभाव, भाव वाढवणारा. ती नजर खाली घालते, घूंघट ओढते हे अनुभाव, भाव बाहेर दाखवणारे. मनात क्षणात येऊन जाणारी व्रीडा (लाज), हर्ष, औत्सुक्य हे व्यभिचारी, ते एकूण ३३ आहेत. अंगावर काटा येणं हा सात्त्विक (आपोआप उमटणारा) भाव, ते ८. हे सगळं रती या स्थायीभावाला पोसतं आणि बघणाऱ्याला शृंगार रस मिळतो. उत्तरात हेच उदाहरण लिहा. गाईडमधलं छापील उदाहरण परीक्षकाने त्याच दिवशी बऱ्याच पेपरांत वाचलेलं असतं.

अभिनयाचे चार प्रकार (आंगिक, वाचिक, आहार्य म्हणजे वेशभूषेचा, सात्त्विक) 'आंगिकं भुवनं यस्य' या श्लोकात आहेतच, तो तुम्ही रोज म्हणता.

अष्टनायिकांमध्ये पाच सोप्या: सजून घर सजवून वाट बघणारी वासकसज्जा, त्याला यायला उशीर झाल्याने कासावीस विरहोत्कंठिता, स्वतःच भेटायला निघालेली अभिसारिका, प्रियकर मुठीत असलेली स्वाधीनपतिका, पती परगावी गेलेली प्रोषितभर्तृका (पेशवाईतल्या विरहाच्या लावण्यांतली बाई, नवरा मोहिमेवर, तीच ही). अडकतं ते उरलेल्या तिघींत. ठरवून तो आलाच नाही, ती विप्रलब्धा. तो सकाळी आला पण दुसरीकडे रात्र काढल्याच्या खुणा घेऊन, ती खंडिता. भांडून तिनेच हाकलला आणि आता पस्तावतेय, ती कलहांतरिता. खंडितेला राग आहे, कलहांतरितेला पश्चात्ताप, चेहऱ्यावर हा फरक आणता आला की लिहितानाही चुकत नाही.

८. घराणी: वंशावळ काढा

लखनौ, जयपूर, बनारस, आणि रायगड. शेवटचं आपलं शिवरायांचं रायगड नाही बरं का, हे छत्तीसगडमधलं, राजा चक्रधर सिंगांचं. हे दर वर्षी कोणीतरी चुकतंच.

लखनौसाठी एक छोटी वंशावळ काढा: बिंदादीन महाराज आणि कालकाप्रसाद हे भाऊ, कालकाप्रसादांची मुलं अच्छन, लच्छू आणि शंभू महाराज, अच्छन महाराजांचे चिरंजीव बिरजू महाराज (१९३८–२०२२). नवाब वाजिद अली शाहने कथकला मोठा आश्रय दिला, पण त्याने कथक 'निर्माण केलं' असं लिहू नका, कथाकार त्याच्या कितीतरी आधीपासून होते. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं आणि तो कलकत्त्याला मटियाबुर्जला गेला. लखनौची नजाकत, भाव आणि ठुमरी. जयपूरचा जोरकस तत्कार, पखवाजाच्या परणी, चक्कर आणि लयकारी. बनारसचे जानकीप्रसाद आणि नटवरी (नाचाचेच) बोल.

आपल्याकडचं नाव विचारलं तर रोहिणी भाटे (१९२४–२००८). लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या शिकल्या आणि १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली. महाराष्ट्रात आज कथक शिकणाऱ्या कितीतरी जणींची गुरुपरंपरा त्यांच्यापाशी जाऊन पोचते. तुमच्या ताई कोणाकडे शिकल्या ते विचारून ठेवा, तोंडी परीक्षेत 'तुमचं घराणं कोणतं' विचारलं की मुली गप्प होतात, आणि ते बरं दिसत नाही.

९. परीक्षेच्या दिवशी

पढंत करताना (बोल तोंडाने म्हणताना) हातावर टाळी-खाली दाखवायचीच, नुसतं तोंडाने म्हटलं तर अर्धंच. लहेरा सुरू झाल्यावर एक आवर्तन ऐका, मग उचला. परीक्षकांनी थांबवलं तर थांबा, रडायला येऊ देऊ नका, त्यांना अजून रांग संपवायची असते.

लेखी पेपरात तालाचे प्रश्न आधी सोडवा, तिथे बरोबर म्हणजे पूर्ण मार्क, घराण्यांच्या उत्तरात कितीही लिहिलं तरी अर्धा-एक कापतातच. लिपी पेन्सिलीने, खंडाच्या रेघा पट्टीने. बाकावर हळूच टाळी दिली तर पर्यवेक्षक काही म्हणत नाहीत, फक्त घुंगरू बाहेर पिशवीतच असू द्या.